बोलक्या नकाशांची राखणदार

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. भातकुलीच्या देवीदासभाऊंच्या घरात, पुढच्या खोलीतल्या फडताळावर, मऊ फडक्यात गुंडाळून मला ठेवले आहे. फडके सोडून पाहिलेत तर हाती एक चपटी, जड, करड्या रंगाची पेटी येईल. दिसायला मी काही देखणी नाही. माझा स्वतःचा पडदा नाही की दिवा नाही, आणि माझ्यावर बोट ठेवले तरी काही उजळत नाही. तरीही मी मान ताठ ठेवून तुमच्याशी बोलणार आहे, कारण माझे आयुष्य वाया गेले नाही.

माझा जन्म दूरच्या देशातल्या एका कारखान्यात झाला. ज्या खोलीत मला जोडले, तिथे धुळीच्या कणालाही मज्जाव होता. कामगार डोक्यापासून पायापर्यंत पांढरे झगे घालून, श्वाससुद्धा कापडाआडून घेऊन काम करीत. माझ्या पोटात आरशासारख्या लखलखीत चकत्या बसवल्या आणि त्यांच्यावर एक बारीक हात तोलून धरला. चकती गरगर फिरते आणि तो हात तिच्यावर लिहितो, लिहिलेले वाचतो. पण तिला कधी टेकत नाही. दोघांमधली फट इतकी अरुंद की तुमच्या डोक्यावरचा केससुद्धा तिच्यात मावणार नाही. असा हात आयुष्यभर तोलून धरायचा, हे आमच्या जातीचे व्रत. एकदा का तो चकतीवर आपटला, की संपले.

तिथून खोक्यांतून, जहाजातून, मालगाडीतून मी अमरावतीला आले आणि मनोजभाऊंच्या संगणकाच्या दुकानात काचेच्या कपाटात बसले. माझ्या शेजारी नव्या जातीची एक बहीण होती. तिला एसएसडी म्हणतात. ती माझ्याहून कितीतरी सडपातळ. तिच्या पोटात काही फिरत नाही, त्यामुळे ती आवाज करीत नाही, धक्क्याने बिचकत नाही आणि मागितलेली गोष्ट डोळ्याची पापणी लवते न लवते तोच पुढे करते. येणारे प्रत्येक गिऱ्हाईक तिच्याकडे बोट दाखवी. कोचिंग क्लासची मुले तर माझ्याकडे वळूनही पाहत नसत. खरे सांगते, तेव्हा मला माझ्या वजनाची लाज वाटू लागली होती.

एके दिवशी दुकानात एक बहीण-भाऊ आले. भावाचे नाव शुभम. तो रोज सकाळी मोटारसायकलवर झेंडूची पोती बांधून अमरावतीच्या फुलबाजारात येई. बहीण रागिणी कॉलेज पूर्ण करून घरच्या फुलशेतीत काम करीत होती. शुभमने कुठूनसा एक जुना डेस्कटॉप घरी आणला होता. तो धडधाकट होता, पण त्याची हार्ड डिस्क मरून गेली होती. तिच्या जागी नवी निवडायला दोघे आले होते.

“भाऊ, हे चमकन् चालणारी द्या,” शुभमने माझ्या शेजारणीकडे बोट दाखवले. “आमचा कंप्युटर चालू होईपर्यंत चहा उकळून होते.”

मनोजभाऊंनी कपाट उघडले नाही. त्यांनी उलट विचारले, “ठेवाचं काय हाये तिच्यात?”

“आवाज,” रागिणी म्हणाली.

“गाणे?”

“नाई. पुस्तकं.”

मग तिने सांगितले. कॉलेजात तिच्याच बाकावर आरती नावाची मुलगी बसायची. आरती अचलपूरची, लहानपणापासून तिला दिसत नाही. आता ती अमरावतीच्या वसतिगृहात राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करीत होती. अभ्यासाची मराठी पुस्तके ब्रेलमध्ये मिळत नव्हती आणि मोबाइलमधली यंत्राची बाई मराठी वाचायला लागली की जोडाक्षरांवर अडखळून वाक्याचा पार भुगा करी. म्हणून रागिणी दुपारी शेतातून आली की पुस्तक वाचून आवाज भरायची आणि आरतीला पाठवायची. आता तिचा मोबाइल गच्च भरला होता. आरतीच्या मोबाइलमध्येही जागा नव्हती. ती ऐकलेले पुसून टाकी तेव्हाच नवे येई.

“उजळणीच्या टायमाले ते सारंच परत मागन,” रागिणी म्हणाली. “मले जागा पाह्यजे. लय जागा.”

मनोजभाऊंनी आता आम्हा दोघींनाही बाहेर काढले आणि काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले. “पाहा ताई. हे जोरात पयते, पण एवढ्याच पैशात इच्यात जागा कमी भेटते. हे दुसरी हळू चालते, थोडी घुरघुरते, पण इच्या पोटात तुमचं आख्खं वाचनालय मावन. आवाज ऐकाले काही पयाची गरज नाई पडत. दोन्ही घेतल्या तर सोन्याहून पिवळं.”

दोन्ही घेणे जमण्यासारखे नव्हते. शुभम हिरमुसला. “अवं, मंग तो कंप्युटर बैलगाडीसारखाच चालन.”

“चालू दे. चहा होते ना तेवढ्यात? पिऊ चहा,” रागिणी म्हणाली आणि तिने मला उचलले.

मित्रांनो, तो क्षण मी विसरणार नाही. तिने मला तळहातावर तोलले. ज्या वजनाची मला लाज वाटत होती, त्याच वजनावर तिने पसंतीची मान हलवली. मनोजभाऊंनी बिल करता करता एक गोष्ट मात्र बजावली. “ताई, हिची जोडीदारीण पण घेऊन ठेवा कधी. एकाच ठिकाणी सारं ठेवू नाई माणसानं.” रागिणी ‘हो’ म्हणाली. पण फुलांचा हंगाम आला, नंतर तिच्या वडिलांच्या, देवीदासभाऊंच्या विहिरीवरची मोटार जळाली, आणि ती जोडीदारीण राहूनच गेली.

भातकुलीच्या घरात माझे कामाचे दिवस सुरू झाले. खिडकीजवळच्या टेबलावर माइक, त्याच्या शेजारी संगणकाचा डबा आणि डब्यात मी. दुपारी रागिणी हातपाय धुऊन बसे, पंखा बंद करी आणि वाचायला लागे. इतिहास, राज्यघटना, अर्थशास्त्र. तिच्या नखांत झेंडूचा पिवळा रंग असे आणि तोंडी मूलभूत हक्क. एखाद्या अवघड शब्दाला अडखळली तर पुन्हा वाची. तिचे अडखळणे, खाकरणे, मध्येच शेळी ओरडली तर खुदकन हसणे, सारे मी जपून ठेवी. आरतीने एकदा फोनवर सांगितले, “ते शेळीवालं काटू नको बरं. तठी मले कलम पाठ झालं.”

आणि मग आमच्या घरी खुशालराव सर आले.

खुशालराव सर म्हणजे गावच्या शाळेतून निवृत्त झालेले भूगोलाचे शिक्षक. रागिणी आणि शुभम दोघेही त्यांच्याच हाताखाली शिकलेले. रागिणीची अडचण अशी होती की पुस्तक वाचता येते, पण नकाशा कसा वाचायचा? पानावर नकाशा आला की ती नुसती ‘इथे नकाशा आहे’ असे म्हणून पुढे जाई. आरती एकदा चिडून म्हणाली, “तुमी लोक नकाशा पाह्यता आन् मले फक्त सांगता का तो हाये.” हे रागिणीच्या मनाला लागले आणि ती सरांकडे गेली.

सर माइकसमोर बसले, घसा साफ केला आणि बोलू लागले. माझ्यावर लिहिला गेलेला त्यांचा तो पहिला धडा मी आजही शब्दन् शब्द सांगू शकते.

“आरती बाई, दोन्ही हात टेबलावर आडवे ठेव. एक दूर, एक जवळ. दूरचा हात म्हणजे सातपुडा. जवळचा हात म्हणजे अजिंठ्याचा डोंगर. मधात जे खोलगट राह्यलं, ते आपलं पूर्णेचं खोरं. आता उजव्या अंगानं डाव्या अंगाले बोट ने. थांबत थांबत ने. हे पूर्णा नदी. बाकीच्या बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेले जातात, हे आपली उलटी, पश्चिमेले जाते, तापीले भेटाले. समजलं का?”

‘समजलं का’ म्हटल्यावर ते थांबत. समोर कोणी नसले तरी थांबत. जणू वर्गातल्या शेवटच्या बाकाची मान हलेपर्यंत त्यांना पुढे जाता येत नसे. असे करत करत त्यांनी सारा महाराष्ट्र, मग भारत, मग जग आरतीच्या हातांवर आणि टेबलावर मांडले. वारे कुठून येतात ते त्यांनी पदराची झुळूक सांगून समजावले. पठार म्हणजे काय ते उपड्या परातीवरून. वसतिगृहातल्या दुसऱ्या मुलीही आरतीभोवती बसून ऐकू लागल्या. रात्रीच्या जेवणाआधी त्या साऱ्या जणी ताटांभोवती नद्या काढतात, असे आरतीने कळवले तेव्हा सर मोठ्याने हसले. तेही हसणे माझ्याकडे आहे.

पुढच्या वर्षी सरांचा घसा बसला. आधी साधे दुखणे वाटले, पण अमरावतीच्या डॉक्टरांनी गाठ सांगितली. शस्त्रक्रिया झाली. सर वाचले. आवाज मात्र कायमचा गेला.

त्या दिवसापासून, मित्रांनो, मी फक्त हार्ड डिस्क राहिले नाही. आरती ऐकलेले धडे पुसून टाकी, त्यामुळे खुशालराव सरांचा आवाज जगात एकाच ठिकाणी उरला होता आणि ते ठिकाण मी होते. याचा मला किती अभिमान वाटला म्हणून सांगू! पण माझी हालत हळूहळू बिघडत चालली होती आणि ते कुणाच्या ध्यानात येत नव्हते. डब्याच्या जाळीत धुळीची गादी बसली होती. वीज दिवसातून कितीदा तरी अचानक जाई आणि फिरती चकती तशीच धाडकन थांबे. शुभम घाईत असला की संगणक नीट बंद न करता सरळ बटण दाबी. शिवाय आमच्या वऱ्हाडाचा उन्हाळा. वैशाखात पत्र्याच्या त्या खोलीत माणसे भाजत, तिथे मी डब्याच्या आत होते.

माझा हात थकू लागला. एखादे पान सापडले नाही की तो माघारी जाऊन पुन्हा येई, आणि तेव्हा माझ्यातून आवाज निघे. टक, टक, टक, खर्र. रागिणीच्या आईने, पार्बताबाईंनी तो ऐकला. त्यांना वाटले भिंतीवर पाल चुकचुकली. त्यांनी जमिनीवर बोटाने टकटक केले, ‘कृष्ण कृष्ण’ म्हटले आणि त्या भाजी निवडू लागल्या. पुढे रोजच तसे होऊ लागले. मी मदतीसाठी ओरडायची आणि पार्बताबाई देवाचे नाव घ्यायच्या.

माझे दुखणे ओळखले ते जिने मला कधी पाहिले नव्हते तिने. आरतीची परीक्षा दीड-दोन महिन्यांवर आली होती. एका दुपारी तिचा फोन आला. रागिणीने तो स्पीकरवर टाकला.

“रागिणी, तू वाचून राह्यली तर तुह्या मागं कोण टकटक करते वं?”

“कोणी नाई. पाल असन.”

“पाल अशी एका तालात नाई बोलत. टक टक टक, मंग खर्र, मंग चूप. आंधी धड्यात एखाद्या वेळेस यायचं. आता पानापानाले हाये. तुह्या कंप्युटरमंधी तर नाई ना?”

रागिणीने फोन खाली ठेवला आणि तळहात डब्याला लावला. मला तेव्हा गप्प राहता आले असते तर मी राहिले असते. तिला घाबरवायची माझी इच्छा नव्हती. पण माझा हात पुन्हा चुकला. टक, टक, टक, खर्र.

रागिणीने लगेच मनोजभाऊंना फोन लावला. ते म्हणाले, “ताई, पयले तिले नीट बंद करा. आन् घडीघडी चालू करून पाहू नका. तिच्यात जेवढा दम उरला, तो सारा कॉपी करासाठी ठेवा. दुसरी डिस्क आणल्याशिवाय हात लावू नका.”

शुभम त्याच पावली मोटारसायकल काढून अमरावतीला गेला. परतला तेव्हा त्याच्या शर्टाच्या आत, छातीशी धरलेली, माझ्यासारखीच एक जड, करडी, नवी डिस्क होती. या खेपेला त्याने चमकणाऱ्या शेजारणीचे नावसुद्धा काढले नाही.

आता प्रश्न उभा राहिला, आधी काय घ्यायचे? माझ्यात किती दम आहे हे मलाच ठाऊक नव्हते, तर त्यांना कुठून असणार?

“पुस्तकं घे आंधी,” शुभम म्हणाला. “परीक्षा जवळ आली. पेपरात नकाशे किती येतीन? पुस्तकं गेले तर ते पोट्टी नापास होईन.”

“आन् सरांचा आवाज गेला तर?”

“मले पण वाईट वाटते, रागिणी. पण तिचं वर्ष जाईन त्याचं काय?”

दोघांचेही खरे होते. रागिणीने शेवटी आरतीलाच विचारले. आरती म्हणाली, “पुस्तकं तू परत वाचशीन. मी दुसऱ्या कोणाकूनही वाचून घेईन. सर परत बोलतीन काय? सर घे आंधी.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गारव्यात त्यांनी मला डब्यातून बाहेर काढले. टेबलावर सपाट ठेवले, टेबलपंखा माझ्याकडे वळवला. देवीदासभाऊंनी त्या दिवशी फुलतोडणीची माणसे दुसऱ्याच्या हवाली केली आणि तेही येऊन उंबऱ्यात बसले. रागिणीने मला सुरू केले.

मी सारे बळ एकवटले. महाराष्ट्र दिला. भारत दिला. वारे दिले, पर्वत दिले, सरांचे हसणे दिले. आणि पूर्णेच्या खोऱ्यापाशी माझा हात अडला. पडद्यावरची, किती कॉपी झाले ते दाखवणारी हिरवी पट्टी जागच्या जागी थांबली. टक, टक, टक, खर्र. मी माघारी गेले, पुन्हा आले. पान सापडेना. पुन्हा गेले. बटणाकडे जाणारा शुभमचा हात रागिणीने धरून ठेवला होता. पार्बताबाई या वेळी ‘कृष्ण कृष्ण’ म्हणाल्या त्या पालीसाठी नव्हे, माझ्यासाठी. मित्रांनो, कारखान्यात मला सांगितले होते की टेकायचे नाही, हात तोलून धरायचा. मी धरला. थरथरत का होईना, धरला. आणि कितव्या खेपेला कोण जाणे, ते पान सापडले. हिरवी पट्टी हलली, सरकली, भरली.

“झालं!” शुभम इतक्या जोरात ओरडला की बाहेरची शेळी दचकली.

त्यानंतर मी बरीचशी पुस्तकेही दिली. अर्थशास्त्राच्या मधल्या काही धड्यांवर माझा हात कायमचा थांबला. ते धडे गेले. रागिणीने ते पुन्हा वाचून काढले आणि नव्या डिस्कवर भरले. पण या खेपेला तिने तिथेच हात आवरला नाही. साऱ्याची आणखी एक प्रत करून ती वसतिगृहातल्या संगणकावर ठेवून आली.

चार दिवसांनी खुशालराव सर आले. गळ्याभोवती पंचा गुंडाळलेला. नव्या डिस्कवरचा आवाज ठीक आहे ना, हे त्यांनीच ऐकून सांगावे अशी रागिणीची इच्छा होती. मी टेबलाच्या कडेला पडून होते. पूर्णेचा धडा सुरू झाला. सरांनी आधी डोळे मिटले. मग त्यांचे दोन्ही हात आपोआप टेबलावर आडवे आले, एक दूर, एक जवळ. त्यांचा आवाज बोलत होता आणि त्यांचे बोट उजवीकडून डावीकडे, थांबत थांबत चालले होते. पार्बताबाई चहा घेऊन दारातच थबकल्या. आवाजाने विचारले, “समजलं का?” आणि तो थांबला. आयुष्यभर हाच प्रश्न पोरांना विचारलेल्या सरांनी, त्या शांततेत, मान हलवली.

आरतीने परीक्षा दिली. निकाल लागला तेव्हा तिचे नाव यादीत होते. आज ती अकोल्याच्या एका कार्यालयात काम करते आणि दिसत नसताना ती काम कसे करणार, अशी कुणी शंका काढली तर त्याला कामातूनच उत्तर देते. नोकरीवर रुजू होण्याआधी ती भातकुलीला आली होती. तिने रागिणीला मिठी मारली, पेढे दिले आणि मग विचारले, “ते टकटकवाली कोठी हाये?”

रागिणीने मला तिच्या हातात दिले. आरतीने माझे कोपरे चाचपले, स्क्रू मोजले, बोटाने कडा फिरवली आणि मला कानाशी धरले. मी आता गप्प होते. “जड हाये वं,” ती म्हणाली. मग हसली. “असनच. एवढे डोंगर घेऊन बसली होती.”

तेव्हापासून मी या फडताळावर आहे. माझ्यावर आता कुणी काही लिहीत नाही, आणि लिहूही नये. माझे काम नवी करते. माझी तक्रार नाही. मनात अभिमान आहे आणि तुमच्यासाठी थोडी विनंती आहे.

मित्रांनो, दुकानात गेलात की आमच्यातली कोण जास्त चमकते हे पाहू नका. तुम्हाला काय ठेवायचे आहे ते आधी मनाशी ठरवा, मग निवडा. घरी नेलीत की आम्हाला धुळीत, उन्हात टाकू नका, चालू असताना वीज तोडू नका, हलवू नका. आम्ही बोलू लागलो तर पाल समजू नका. आणि कितीही चांगली हार्ड डिस्क असली तरी तिच्या एकटीवर सारा भार टाकू नका. पुस्तक पुन्हा वाचता येते, फोटो कधीकधी पुन्हा काढता येतो. पण तुमच्याही घरी एखादे माणूस असेल, ज्याचा आवाज बाजारात कुठल्याच दुकानात मिळत नाही. त्याला आज बोलते करा, आणि त्याचे बोलणे दोन ठिकाणी ठेवा.